अकरा मिलिमीटर

माझा स्वभाव संशयी आहे. सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. पेशंट म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही, आणि मी त्याच्या मिशीत टोस्टचा चुरा शोधते. मशीन तपासलंय असं टेक्निशियन म्हणतो, आणि मी त्याच्यादेखत ते पुन्हा तपासते. त्याला राग येतो. येऊ दे. समोरचा झोपला की त्याचा श्वास माझ्या हातात असतो, तिथे कुणाच्या शब्दावर विसंबून कसं चालेल? हा संशय रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये सोडून घरी यायला हवं, एवढं मात्र मला कधी जमलं नाही.

गाडी काकांची होती. काका माझे रक्ताचे कुणी नव्हेत. मी ह्या देशात आले ती एक बॅग आणि एक पत्ता घेऊन, आणि तो पत्ता काकांचा होता. ते तेव्हा इथे हाडांचे डॉक्टर होते. परीक्षेचा निकाल लागून नोकरी मिळेपर्यंत तीन महिने त्यांनी आणि काकूंनी मला आपल्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे सामानाच्या छोट्या खोलीत, ठेवून घेतलं, आणि मी कोण, कुठली, असं एकदाही खोदून विचारलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर सर्टिफिकिटं उजेडात धरून पाहिली असती.

काकू गेल्या, काका रिटायर झाले, आणि नवं शतक पाच-सहा वर्षांचं झालं तेव्हा घर विकून ते एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. फ्लॅटला गराज नव्हतं. त्यांची जुनी दोन दारांची गाडी, माझ्याहून वयाने दोन वर्षं मोठी, तीस वर्षं त्यांनी पोरीसारखी सांभाळलेली. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे हे त्यांना ठाऊक होतं. दोन हिवाळे मी कॉलेजच्या इव्हिनिंग क्लासला जाऊन वेल्डिंग शिकले होते, वर्गात एकटी बाई. ऑगस्टअखेर त्यांनी माझ्या हातावर चावी ठेवली.

"हिला कधी ठोकर लागलेली नाही," ते म्हणाले. "आणि बदल्यात एक काम करायचं. माझ्या खुब्याचं ऑपरेशन वेटिंग लिस्टवर आहे. वसंतात नंबर लागेल. भूल तू द्यायचीस. कमरेत इंजेक्शन देऊन जागं ठेवायचं नाही हं. ती ठोकाठोकी मी जन्मभर केली, आता स्वतःच्या हाडावर ऐकायची नाही. मला पूर्ण झोपव."

"काका, तुम्ही फक्त झोपा. बाकी माझ्यावर सोडा," मी म्हटलं. ह्यापेक्षा मोठा मान मला आजवर कुणी दिलेला नव्हता, आणि मी तो मिरवला.

दसऱ्याला माझी ऑन-कॉल ड्यूटी होती. सकाळी निघताना मी नवऱ्याला बजावलं, गाडीची पूजा कर, झेंडूचा हार घाल, अक्षता टाक, आणि पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवून गाडी हातभर पुढे घे. माझा नवरा कौन्सिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. स्वभावाने गरीब, पण हाताला यश बेताचंच. रात्री मी दमून घरी आले तेव्हा गाडीला हार होता. काकाही जेवायला आले होते आणि दोघंही मूग गिळून बसले होते. लिंबांचं काय झालं, विचारलं, तर नवरा म्हणाला, "पूजा केली. गाडी नाही हलवली. तू आलीस की तूच कर." मला वाटलं, काकांच्या तब्येतीचं काहीतरी माझ्यापासून लपवताहेत.

रविवारी मी स्वतः चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली आणि तशीच रस्त्यावर काढली. शंभर पावलांत कळलं, स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. परत आणून बॉनेटच्या फटी पाहिल्या. उजवीकडे करंगळी जेमतेम जात होती, डावीकडे अंगठा. पुढच्या बाजूने गाडीखाली डोकं घातलं तर काळ्या रंगाचा वास आला. गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला जो डांबरासारखा रंग फासतात, तो. डावीकडे ताजा, बाकी सगळीकडे जुना आणि चिरलेला.

मनात पाल चुकचुकली. त्याआधी मी ती गाडी जेमतेम दोनदा चालवली होती. तेव्हाही डावीकडे ओढत होती का? आधी काही आठवेना. मग हळूहळू आठवायला लागलं. हो, ओढत होती. नक्कीच ओढत होती. दुसऱ्या दिवसापर्यंत तर कुठल्या वळणावर ओढली तेसुद्धा आठवलं.

मग मी रीतसर माप घेतलं. ह्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वरच्या पत्र्याहून वेगळा असतो. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, चढवली. चासीच्या ठरावीक भोकांमधून गवंड्यासारखा ओळंबा सोडला, आणि जिथे टोक टेकलं तिथे गराजच्या फरशीवर खडूने फुली मारली. अशा आठ फुल्या. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत टेप, मग त्याच्या उलट. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे येतात. माझे आले नाहीत. सांगाड्याचा डावा दांडा पुढच्या टोकाला अकरा मिलिमीटर मागे रेटला गेला होता. पुन्हा मोजलं. अकराच.

'हिला कधी ठोकर लागलेली नाही.' वा रे वा! ठोकलेली गाडी, वर रंग फासून, गोड बोलून माझ्या गळ्यात मारली. बाहेरच्या माणसाने फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून विसरले असते. पण काका! ज्या माणसाने मला न तपासता घरात घेतलं, त्याने मला असं करावं? मला इतकं लागलं की दोन दिवस धड जेवण गेलं नाही.

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, जुनी गाडी आहे. असेल काहीतरी. सोडून दे ना."

"सोडून काय दे? काहीतरी पाणी मुरतंय ह्यात."

"पण नेमकं कधी ठोकलं गेलं, ते कळतं का गं मापावरून?"

"नाही कळत. का?"

"नाही, सहज," म्हणून तो चहा टाकायला गेला. त्या हिवाळ्यात त्याने मला जितका चहा पाजला तितका अख्ख्या संसारात पाजला नसेल.

माझ्याकडे एक फोटो होता, बॉक्स रूमच्या दिवसांतला. मी ह्याच गाडीच्या नाकाशी टेकून उभी आहे. भिंग घेऊन बसले. बॉनेटच्या दोन्ही फटी सारख्या दिसत होत्या. क्षणभर बरं वाटलं, मग मीच ते खोडून काढलं. फोटोनंतर वर्षं किती गेली! शिवाय कॅमेरा तिरका असेल. फोटो परत अल्बममध्ये ठेवून दिला.

इथल्या मराठी मंडळाची दिवाळी दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये होते. चिवड्याच्या प्लेटा हातात, साड्यांवर स्वेटर, दीडशे माणसं. काका काठी टेकत आले आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू पाहून माझं डोकंच फिरलं.

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज मुळात काही लहान नाही, "गाडी ठोकलेली होती तर तसं सांगून द्यायची. वर काळं फासून लपवायचं कशाला? माझ्याशी?"

आजूबाजूचं बोलणं थांबलं. ह्या हॉलमधल्या निम्म्या लोकांची हाडं काकांनी बसवली होती. काकांनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मला दिसली होती, पण मी तिचा अर्थ लावला की बायकोला आवर म्हणताहेत. मग ते म्हणाले, "असेल गं. जुनी गाडी आहे."

झालं. कबुली मिळाली. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. नवरा मागून दोघांचे कोट घेऊन आला.

त्या वर्षी काकांकडे माझा फराळ गेला नाही. रविवारचं त्यांचं आमच्याकडचं जेवण बंद झालं. जानेवारीत ऑपरेशनची तारीख आली, मार्चअखेरची, तेव्हा त्यांनी फोन केला.

"तुझं नाव सांगून ठेवू ना?" त्यांनी विचारलं.

"जवळच्या माणसाला शक्यतो आपण भूल देऊ नये असा संकेत आहे, काका. दुसरं कुणीतरी देईल. चांगलेच आहेत सगळे."

ऑगस्टमध्ये हा संकेत मला आठवला नव्हता. काकांना तो माझ्या आधीपासून माहीत होता. ते म्हणाले, "बरं." फोन ठेवताना मला जिंकल्यासारखं वाटलं, हे मी आज कबूल करते.

गाडी मात्र सोडवेना. दर शनिवारी दुपारी मी गराजमध्ये. शेजारी एक इंग्रज गृहस्थ राहायचे, उभा जन्म कारखान्यात साचे बनवण्यात गेलेला. त्यांच्याकडे जाडजूड साखळ्या होत्या, लोखंडी तुळई होती आणि हातपंपाचा हायड्रॉलिक जॅक. फरशीत बोल्ट ठोकून आम्ही तुळई बसवली, गाडी मागून साखळीने जखडली, आणि पुढून दांड्याचं टोक जॅकच्या जोराने ओढायचं, असा बेत. आधी अख्खा महिना पुढचं नाक, रेडिएटर, बंपर, सगळं उतरवण्यात गेला. एकदा बोल्टशी झटापट करता करता मी काकांची कहाणी त्यांना तिखटमीठ लावून सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तू त्याला विचारलंस का, काय झालं ते?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय ना."

त्यांनी पाना मागितला, मी दिला.

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी आम्ही ओढायला सुरुवात केली. हे काम सावकाश करायचं असतं. दोन पंप मारायचे, थांबायचं, ओळंबा सोडून माप घ्यायचं. लोखंड सोडलं की थोडं मागे जातं, म्हणून हवं त्याहून जरा जास्त ओढावं लागतं. अकराचे नऊ झाले, नवाचे सात. दांड्याच्या वरच्या अंगाला जिथे धक्क्याने लोखंड दुमडलं होतं, तिथे घट्ट मिटलेली घडी होती, वरून तो काळा रंग. ओढता ओढता रंग तडकला. घडी मिलिमीटर-मिलिमीटरने उघडायला लागली. मी टॉर्च घेऊन जवळ वाकले, लोखंडाला चीर जात नाही ना, ते बघायला.

घडीतून काहीतरी फरशीवर पडलं. मला वाटलं गंजाचे कण. उचलून तळहातावर घेतले.

तांदळाचे तीन दाणे होते. कुंकू लावलेले. आणि झेंडूची एक पाकळी, चुरगळून तपकिरी झालेली.

काका पक्के नास्तिक. त्यांच्या घरात देव्हारा नाही, काकू असतानाही नव्हता. तीस वर्षांत त्या गाडीला कुणी कुंकवाचं बोट लावलं नसेल. ह्या अक्षता एकाच दिवशी, एकाच घरात, बॉनेटच्या फटीतून खाली पडलेल्या, आणि लोखंड मिटलं ते त्यांच्यानंतर. मी स्वतः सांगितलं होतं, अक्षता टाक, लिंबं ठेव, गाडी हातभर पुढे घे.

शेजाऱ्यांनी विचारलं, "चीर आहे का?"

"नाही," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

नवरा चहाच टाकत होता. मी तळहात त्याच्यासमोर धरला. त्याने दाणे पाहिले, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसला.

"क्लच सुटला गं," तो म्हणाला. "मला ऑटोमॅटिकची सवय. लिंबं फुटली, आणि गाडी थांबेचना. उतारावरून सरळ फाटकाच्या त्या काँक्रीटच्या खुंटावर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? सहा महिने?"

"मायक्रोवेव्ह बिघडला होता तेव्हा तू माझी चार दिवस उलटतपासणी घेतली होतीस. मी हातसुद्धा लावला नव्हता त्याला. इथे तर मीच ठोकली होती." त्याने रिकामा कप बाजूला सारला. "मी घाबरलो, आणि काकांना फोन केला."

काका बसने आले होते. हातोडी आणि काळ्या रंगाचा डबा पिशवीत घालून, दोन बस बदलून. बंपर दोघांनी मिळून ठोकून सरळ केला. रंग काकांनीच लावला, माझ्या नवऱ्याला ते जमेना म्हणून. त्या दुखऱ्या खुब्यासकट ते ड्राइव्हवर आडवे झाले, गाडीखाली हात घातला आणि रंग लावला. नंतर त्यांना उठताच येईना, नवऱ्याने काखेत धरून उभं केलं. तेव्हा ते म्हणाले होते, "तिने विचारलं तर माझ्याकडून झालं म्हणून सांग. मी काय, आपल्या फ्लॅटवर निघून जाईन. तुला इथे राहायचंय."

ह्यावर मला हसू यायला हवं होतं. माझी मला इतकी लाज वाटली की मी तिथेच, हाताला ग्रीस तसंच, तोंड झाकून रडले. दोन भल्या माणसांनी माझ्या घरात मला चोरून, माझ्या धाकाने, एका बंपरवर हातोडी चालवली होती. आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

त्याच दुपारी काकांच्या फ्लॅटवर गेले. दाणे मी लघवीच्या तपासणीच्या नव्या, कोऱ्या डबीत घातले होते, घरात दुसरी डबी सापडेना. काकांनी काठी टेकत दार उघडलं. मी डबी टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली.

"सापडलं होय," ते म्हणाले.

"काका, तुम्ही का कबूल केलंत? हॉलभर लोकांसमोर?"

"मी कुठे कबूल केलं? असेल म्हटलं." ते खुर्चीत बसले, सावकाश, एक एक करून हाडं ठेवल्यासारखे. "तू विचारलं असतंस ना बाई, काका काय झालं, तर मी सांगितलं असतं. तू विचारलंसच नाही. तू निकाल सांगून निघून गेलीस."

मी म्हटलं, "माझं चुकलं." एवढं साधं वाक्य, पण मला आठवत नाही मी ते त्याआधी कुणाला म्हटल्याचं. त्यांनी मान हलवली. लगेच माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मला ते बरोबरच वाटलं.

"ऑपरेशन नऊ दिवसांवर आहे," मी म्हटलं. "भूल मी देऊ का?"

ते खिडकीतून खाली पाहत राहिले. "आधी गाडी सरळ कर," ते म्हणाले. "मग बघू."

नऊ दिवस. मी पाच दिवसांची रजा टाकली. नवरा हातपंपावर, शेजारी साखळीवर, मी ओळंब्यापाशी. दांडा ओढून झाला, दुमडलेल्या जागी मी आतून-बाहेरून पट्टी वेल्ड केली, पुन्हा माप, पुन्हा ओढणं. फरशीवर खडूच्या इतक्या फुल्या झाल्या की कुठली आजची तेच कळेना, म्हणून सगळ्या पुसून नव्याने मारल्या. नवरा ह्या वेळी चहा टाकायला एकदाही गेला नाही. शेवटच्या रविवारी गाडी जमिनीवर उतरवली आणि मी ती रिंग रोडपर्यंत नेऊन आणली.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात माझ्या सहकाऱ्याला मी विनंती केली. तो बाजूला उभा राहायला तयार झाला, पण म्हणाला, आधी पेशंटला विचार. काका हॉस्पिटलच्या झग्यात पलंगावर पडले होते. माणूस त्या झग्यात असतो त्याहून लहानच दिसतो. मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. शेवटचं खाणं कधी? कसली ॲलर्जी? दात?

"सगळे माझे," ते म्हणाले. "हलवून बघ हवं तर."

"राहू दे. तुम्ही सांगताय ना."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि गाडी? सरळ जाते का?"

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझा सहकारी, नर्स, सगळे वाट पाहत होते, आणि तिकडे घरी माझ्या गराजमध्ये कोण टेप घेऊन जाणार होतं?

"नाही काका," मी म्हटलं. "दोन मिलिमीटर राहिलेच. खूप ओढून पाहिलं. अजून किंचित डावीकडे जाते. हात धरून ठेवावा लागतो."

मग झग्याची बाही वर सारून त्यांनी हात माझ्यापुढे केला आणि डोळे मिटले.

"मग दे," ते म्हणाले.